देवलीची छावणी: आरोपच नाही, तर निर्दोष ठरायचं कसं?

१९६२ च्या चीन युद्धावर आपल्याकडे भरपूर बोललं जातं. नेफा (आताचं अरुणाचल), बोमडिला, संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांचा राजीनामा, थंडीचे कपडे नसलेले जवान, आणि त्यांच्या जागी यशवंतराव चव्हाण दिल्लीला गेले तेव्हाचं "हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला" हे वाक्य तर अजूनही भाषणांत ऐकू येतं. पण त्याच सुमारास आपल्याच सरकारने, आपल्याच देशात राहणाऱ्या जवळपास ३,००० माणसांना, त्यात म्हातारी, गरोदर बायका, शाळकरी पोरं, अंगावरची बाळं सगळी आली, उचलून राजस्थानात काटेरी तारांच्या आत नेऊन ठेवलं आणि शेवटच्या काही जणांना थेट १९६७ साली सोडलं, हे सांगितलं तर चांगली वाचणारी माणसंसुद्धा दचकतात. शाळेच्या पुस्तकात हे मला कधी दिसलं नाही. म्हणून हे एकच प्रकरण घेऊन सविस्तर लिहितोय, कारण सुरक्षेच्या नावाखाली निर्दोष माणसं कशी आत जातात आणि मुख्य म्हणजे आत गेली की बाहेर का येत नाहीत, हे यात अगदी स्वच्छ दिसतं.

आधी एक खुलासा. ही देवली म्हणजे आपली वर्ध्याची देवळी नाही आणि नाशिकजवळचं देवळालीही नाही. ही राजस्थानात, टोंक जिल्ह्यातली, कोटा-बुंदीच्या बाजूची जुनी ब्रिटिश छावणी. इंग्रजांनी ती राजकीय कैद्यांसाठी वापरली होती, दुसऱ्या महायुद्धात तिथे शत्रुदेशांचे लोक ठेवले होते, आणि १९४१ साली जयप्रकाश नारायण, कॉम्रेड डांगे, रणदिवे ही मंडळी तिथे स्थानबद्ध होती. त्या वेळी तिथे मोठं उपोषण झालं, मध्यवर्ती कायदेमंडळाचे सभासद असलेले ना. म. जोशी स्वतः देवलीला जाऊन आले आणि हा विषय दिल्लीत मांडला गेला, आणि शेवटी कैद्यांना आपापल्या प्रांतात पाठवावं लागलं. म्हणजे विनाचौकशी डांबणं चुकीचं आहे हे ज्या जागेवर आपल्याच पुढाऱ्यांनी उपाशी राहून सांगितलं, ती जागा स्वतंत्र भारताने वीस वर्षांनी पुन्हा त्याच कामाला काढली.

ही माणसं कोण होती

आसाममध्ये चिनी लोक आले ते १८३० च्या दशकात, चहासाठी. इंग्रजांना चहा करायचा होता आणि चहा कसा बनवतात ते इथे कोणाला माहीत नव्हतं, म्हणून कारागीर आणले. त्यातून तिनसुकियाजवळ माकुम नावाचं गाव चिनी वस्तीसाठी ओळखलं जायला लागलं. पुढे वेगवेगळ्या काळात आणखी लोक आले, कोणी सुतार, कोणी चांभारकाम करणारे, कोणी हॉटेलवाले, कोणी जपानने चीनवर हल्ला केला तेव्हा जीव वाचवून आलेले. शिलाँगला त्यांची बुटांची दुकानं आणि रेस्टॉरंट होती, दार्जिलिंग-कालिम्पाँगला तिबेटच्या व्यापारावर जगणारी कुटुंबं होती.

आता हे नीट लक्षात घ्या की माकुममधल्या बऱ्याच घरांत नवरा चिनी आणि बायको आसामी किंवा चहामळ्यातल्या मजुराची मुलगी, पोरं आसामी बोलणारी, बिहू नाचणारी, चीन कधी बघितलेला नाही आणि चिनी भाषा मोडकीतोडकी येते किंवा येतही नाही, अशी परिस्थिती होती. राज्यघटनेच्या कलम ५ प्रमाणे जो इथे जन्मला आणि ज्याचं कायमचं घर इथे आहे तो १९५० साली नागरिक झाला. म्हणजे यातले कितीतरी जण कायद्याने सरळसरळ भारतीय होते. बाकीच्यांपैकी अनेकांकडे कुठल्याच देशाचा धड कागद नव्हता, आणि काही तर माओच्या राजवटीचे कट्टर विरोधक होते. पण हा फरक कोणी विचारलाच नाही.

कायदा कसा बदलला

युद्ध सुरू झालं २० ऑक्टोबर १९६२ ला. २६ ऑक्टोबरला आणीबाणी जाहीर झाली आणि भारत संरक्षण वटहुकूम आला. ऑक्टोबरच्या अगदी शेवटी परदेशी नागरिकांच्या कायद्यात बदल करणारा दुसरा वटहुकूम आला आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात नजरकैदेचा आदेश निघाला. जेमतेम दोन आठवड्यांत सगळी चौकट तयार.

माझ्या मते सगळ्या प्रकरणाची चावी या चौकटीत आहे. कारण इथे पकडायचं कारण "तू काय केलंस" हे राहिलंच नाही. शत्रुदेशाशी मुळाचं नातं आहे का, एवढंच बघायचं. त्यानंतर आलेल्या प्रतिबंधित क्षेत्रांच्या आदेशात तर हे आणखी स्पष्ट झालं: तू स्वतः, तुझे आई-बाप, किंवा तुझे आजी-आजोबा यांच्यापैकी कोणी कधीही त्या देशाचं नागरिक असेल तर तू त्या व्याख्येत बसलास. आजोबा! म्हणजे माकुमला जन्मलेल्या दहा वर्षांच्या पोराने, त्याच्या जन्माच्या कितीतरी वर्षं आधी त्याचे आजोबा कुठल्या राजाची प्रजा होते, याचा हिशोब द्यायचा. तो देणार कसा? आणि आजोबा बदलता येत नाहीत, त्यामुळे या संशयातून सुटायला त्याच्या हातात काही करण्यासारखं उरतच नाही. देशप्रेम दाखव, कागद दाखव, शेजाऱ्यांच्या साक्षी आण, कशाचाच उपयोग नाही, कारण त्याने काही केलंय असं मुळात कोणी म्हणालंच नव्हतं.

बरं, कोर्ट होतं ना? तर ३ नोव्हेंबरला राष्ट्रपतींचा आदेश निघाला की कलम २१ आणि २२ साठी कोर्टात जायचा हक्क स्थगित, आणि थोड्याच दिवसांत त्यात कलम १४ पण घातलं. २१ म्हणजे जीवित आणि स्वातंत्र्य, २२ म्हणजे अटकेनंतरचं संरक्षण, कारण सांगणं, तीन महिन्यांपेक्षा जास्त ठेवायचं तर सल्लागार मंडळापुढे जाणं, आणि १४ म्हणजे समानता. या तिन्हींशिवाय विनाचौकशी डांबलेल्या माणसाच्या हातात उरतं काय? मग माखनसिंग खटल्यात, ज्यात भारत संरक्षण कायद्याखाली धरलेल्या लोकांचे अर्ज होते, सुप्रीम कोर्टाने सप्टेंबर १९६३ मध्ये सांगितलं की आणीबाणी असेपर्यंत या हक्कांच्या आधारे कोर्टात येता येणार नाही, सत्तेचा दुष्ट हेतूने वापर झाला असं म्हणायचं असेल तर ती वाट उघडी आहे. बहुमताचा निकाल आपल्या साताऱ्याच्या न्या. गजेंद्रगडकरांनी लिहिला, न्या. सुब्बा राव यांनी वेगळं मत दिलं. गजेंद्रगडकर मोठे न्यायाधीश होते, कामगारांच्या बाजूने त्यांनी केलेलं काम मोठंच आहे आणि त्याबद्दल मला आदर आहे, पण हा निकाल वाचताना मला त्रास होतो. राजस्थानात तारांच्या आत बसलेला, इंग्रजी न येणारा, खिशात पैसा नसलेला दुकानदार दिल्लीला वकील लावून सरकारचा दुष्ट हेतू कसा सिद्ध करणार होता?

नोव्हेंबर

धरपकड झाली ती मुख्यतः आसाममध्ये (तेव्हा शिलाँगही आसामातच) आणि उत्तर बंगालच्या सरहद्दीकडच्या जिल्ह्यांत. आधी पुरुष उचलले, समाजात ज्यांचा शब्द चालायचा ते, मग कुटुंबंच्या कुटुंबं. माकुमला पोलीस आले १९ नोव्हेंबरला. वाचलेल्या लोकांनी नंतर जे सांगितलं त्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते की पोलिसांनी सांगितलं, तुमच्याच संरक्षणासाठी नेतोय, थोड्या दिवसांचा प्रश्न आहे, जास्त सामान घेऊ नका. लोकांनी विश्वास ठेवला. चुलीवरचं तसंच ठेवून, जनावरं बांधलेली ठेवून, अंगावरच्या कपड्यांत माणसं निघाली. शिलाँगला तर होस्टेलमधल्या शाळकरी मुलापर्यंत पोलीस पोचले.

मग जेल. आणि मग ट्रेन, आसामपासून राजस्थानपर्यंत साधारण सात दिवस. वाटेत काही स्टेशनांवर लोक दगड आणि चपला घेऊन उभे होते, "चिनी परत जा" असं ओरडत होते. त्यामुळे गाडी स्टेशनवर न थांबवता पुढे आडरानात थांबवायची आणि तिथे रुळांच्या कडेला भात शिजवायचा, तो अर्धवट कच्चाच खायचा. गाडीत बसलेल्या पोरांना कळेना की आपण नक्की कोण. कालपर्यंत शाळेत "जन गण मन" म्हणत होतो.

आता तारखा जोडून बघा. माकुमची अटक १९ नोव्हेंबर. चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली २१ नोव्हेंबरला. म्हणजे ही माणसं पकडली आणि दोन दिवसांत लढाई संपली, आणि त्यानंतर, लढाई संपल्यानंतर, त्यांना ट्रेनमध्ये बसवून सुमारे दोन हजार किलोमीटरवर नेलं. सरहद्दीजवळ हेरगिरीचा धोका हे जर कारण होतं तर तो धोका टिपेला होता तेव्हा ते आपापल्या घरी होते, आणि तोफा थांबल्या तेव्हा छावणीत गेले.

इथे मी दुसरी बाजूही लिहितो, कारण ती खोटी नाही. १९ नोव्हेंबरला बोमडिला पडलं होतं. तेजपूर रिकामं होत होतं, लोक मिळेल त्या वाहनाने ब्रह्मपुत्रा ओलांडत होते, नेहरूंचं रेडिओवरचं भाषण ऐकून आसामला वाटलं की आपल्याला सोडून दिलं. अशा वेळी एखाद्या जिल्हाधिकाऱ्याने रस्त्यावरचा जमाव चिनी दुकानं जाळेल या भीतीने त्या लोकांना चार दिवस सुरक्षित जागी हलवलं तर मी त्याला नावं ठेवणार नाही. ती भीती खरी होती आणि सरकारकडे खरंच वेळ नव्हता. पण वेळ नव्हता हे कारण नोव्हेंबरपुरतं आहे. डिसेंबरात वेळ होता. १९६३ मध्ये वेळ होता. ६४, ६५, ६६ सगळा वेळच होता. एकेका कुटुंबाची फाईल उघडून हा चहामळ्यातला सुतार, ही त्याची आसामी बायको, ही चार पोरं, यांच्याविरुद्ध काय आहे असं विचारायला किती वेळ लागतो?

आत

दार्जिलिंग-शिलाँगच्या गारव्यातून आलेली माणसं राजस्थानात. थंडीत कडाका, उन्हाळ्यात लू आणि धुळीची वादळं. जुन्या लांबट बराकी, कुटुंबाला एक कोपरा, मध्ये चादर लावून आडोसा. सुरुवातीचं जेवण इतकं वाईट की बरेच दिवस लोक आजारी पडत होते, मग हळूहळू त्यांनी शिधा घेऊन स्वतः शिजवायला सुरुवात केली. पत्रं तपासून जायची आणि उशिरा पोचायची. मुलांसाठी नीट शाळा नव्हती, वडीलधाऱ्यांनीच थोडंफार शिकवलं, आणि जी पोरं बारा-तेरा वर्षांची आत गेली त्यांची शिकायची वर्षं तिथे संपली. छावणीत बाळं जन्मली. म्हातारी माणसं तिथेच वारली, आपण नेमकं कशासाठी इथे आहोत हे न कळता.

मारहाण, छळ अशा गोष्टी या प्रकरणात फारशा सांगितल्या जात नाहीत, आणि मला वाटतं त्यामुळेच ते विसरायला सोपं गेलं. आपल्याला अन्याय म्हटलं की रक्त दिसावं लागतं. इथे रेशन होतं, दवाखाना होता, पहारेकरी काही वेळा माणुसकीने वागत होते असंही लोक सांगतात. फक्त सुटकेची तारीख नव्हती. चोराला सहा महिने शिक्षा झाली तर तो भिंतीवर रेघा मारत बसतो, दिवस मोजतो. यांना मोजायला काही नव्हतं, कारण शिक्षाच झाली नव्हती.

१९६३ मध्ये तेव्हाचे गृहमंत्री लालबहादूर शास्त्री देवलीला येऊन गेले. ज्यांना चीनला जायचं आहे त्यांनी सांगावं, असं विचारलं गेलं. चीन जहाजं पाठवणार होता आणि त्याने ती पाठवलीही, मद्रासहून तीन खेपांमध्ये सुमारे २,४०० माणसं गेली. कागदावर हे स्वेच्छेने जाणं आहे. पण विचार करा, माणूस तारांच्या आत आहे, घराचं काय झालं माहीत नाही, किती वर्षं ठेवणार कोणी सांगत नाही, आणि बाहेर पडायचा एकच दरवाजा दाखवलाय तो चीनकडे उघडतो. याला कोणी स्वेच्छा म्हणत असेल तर मी मान्य करणार नाही. कित्येकांनी होकार दिला तो फक्त पोरांना तारांबाहेर काढायला. आणि यात घरं फुटली. नवरा जहाजावर, बायको आसामात. आई इथे, मुलगा तिथे. माकुममध्ये अशा बायका होत्या ज्यांनी नवऱ्याचं तोंड परत कधी बघितलं नाही.

तिकडे गेलेल्यांचं काय झालं? बऱ्याच जणांना दक्षिण चीनमधल्या सरकारी शेतीफार्मवर पाठवलं. तीन वर्षांत सांस्कृतिक क्रांती सुरू झाली आणि ज्यांचे परदेशाशी संबंध होते त्यांच्याकडे संशयाने बघायला सुरुवात झाली. म्हणजे भारतात चिनी म्हणून संशय आणि चीनमध्ये भारतातून आलेले म्हणून संशय, आणि दोन्हीकडे त्या माणसाने स्वतः काय केलं हा प्रश्न कोणी विचारत नाही. त्यांच्यातले जे हयात आहेत ते म्हातारपणीही एकमेकांशी हिंदी, नेपाळी, आसामी बोलतात, जुनी हिंदी गाणी म्हणतात असं भेटून आलेल्यांनी सांगितलंय.

सुटका, आणि नंतर

जे "नाही जात" म्हणाले त्यांना टप्प्याटप्प्याने सोडलं. काही जणांना देवलीतून आसामातल्या नगांवच्या जेलमध्ये हलवलं आणि तिथून १९६७ च्या मध्याला शेवटचे सुटले. तेव्हा गृहमंत्री होते यशवंतराव चव्हाण. हे मुद्दाम सांगतोय कारण १९६२ चा सह्याद्री आपल्याला आठवतो, पण त्याच युद्धाच्या नावाने धरलेले लोक १९६७ पर्यंत आत होते आणि शेवटी आपल्याच माणसाच्या खात्याच्या कारकिर्दीत सुटले, हे आपण कधी जोडून बघितलेलं नाही. आणीबाणी तर त्यानंतरही जानेवारी १९६८ पर्यंत चालू होती. एका महिन्याच्या लढाईसाठी पाच वर्षांहून जास्त.

सुटून परत गेले तर घर नाही. माकुममध्ये घरं, दुकानं लिलावात गेली होती किंवा लुटली गेली होती, आपल्याच घरात दुसरं कोणीतरी राहतंय आणि आपण रस्त्यावर उभे. चिनी नागरिक म्हणून नोंद झालेल्यांची मालमत्ता शत्रू मालमत्ता म्हणून सरकारी ताब्यात गेली. १९६८ साली त्यासाठी स्वतंत्र कायदा आला. हे काम बघणाऱ्या खात्याचं ऑफिस वर्षानुवर्षं आपल्या मुंबईत, बॅलार्ड इस्टेटच्या कैसर-ए-हिंद बिल्डिंगमध्ये होतं. सरकारने संसदेत दिलेल्या आकड्यांत चिनी नागरिकांच्या १२६ मालमत्ता येतात, यातल्या बऱ्याच मेघालय, पश्चिम बंगाल, आसाममधल्या. २०१७ च्या दुरुस्तीने हे आणखी घट्ट केलं: वारस भारतीय नागरिक असला तरी त्याला हक्क नाही. म्हणजे आजोबांच्या नावाने १९६२ ला जे सुरू झालं ते नातवाच्या वाट्याला २०१७ मध्येही आलं.

आणि सुटका म्हणजे मोकळीक असंही नव्हतं. पोलिसांत हजेरी, दुसऱ्या गावी जायचं तर परवानगी, दरवर्षी परमिट, नोकरी मागायला गेलं की तोंड बघून नकार. शेवटी ज्यांना जमलं ते गेले, बरेचसे कॅनडाला, टोरांटोकडे. कोलकात्याच्या टांगरा भागातली चिनी वस्ती त्यामुळे ओसरली. मुंबईत अशी सरसकट धरपकड झाली नाही, पण इथल्या चिनी कुटुंबांवरही नजर होतीच आणि १९६२ नंतर तीही कमी होत गेली. डॉकयार्ड रोडजवळ नवाब टँक रोडवर त्यांचं सी यूप कून मंदिर अजून आहे. मुंबईकरांनी एकदा जाऊन बघावं.

किती हेर सापडले? एकही नाही. देवलीत ठेवलेल्या त्या सुमारे ३,००० लोकांपैकी एकावरही हेरगिरीचा खटला चालून गुन्हा सिद्ध झालेला नाही. आणि गंमत नाही, हे फार गंभीर आहे की यामुळेच त्यांना निर्दोष असं कोणी कधी जाहीरही केलं नाही. आपल्याकडे खोट्या केसमध्ये दहा-दहा, वीस-वीस वर्षं सडलेली माणसं आहेत, त्यांचं दुःख मी जराही कमी लेखत नाही, पण निदान त्यांच्या हातात शेवटी निकालाचा एक कागद येतो, आरोप अमुक होता, सिद्ध झाला नाही, सोडून द्या. तो कागद गावात दाखवता येतो. देवलीवाल्यांना कोणता कागद मिळाला? जिथे आरोपपत्र नाही तिथे सुटकेचा निकाल नाही, जिथे खटला नाही तिथे पुनर्विचार नाही, नुकसानभरपाई मागायची तर कुठल्या चुकीबद्दल? सरकार म्हणू शकतं, आम्ही तुम्हाला गुन्हेगार म्हटलंच नव्हतं. मग चार-साडेचार वर्षं आत कशाला ठेवलं होतं?

अमेरिकेने १९४२ मध्ये हेच केलं होतं, पर्ल हार्बरनंतर सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत घातलं, त्यातले बहुतांश अमेरिकन नागरिक. तिथल्या सुप्रीम कोर्टानेही १९४४ मध्ये सरकारचीच बाजू घेतली. पण १९८८ मध्ये तिथल्या संसदेने कायदा करून माफी मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येकाला २०,००० डॉलर दिले, आणि त्याच वर्षी कॅनडानेही आपल्या जपानी वंशाच्या नागरिकांची माफी मागितली. लोक म्हणतील त्यांच्याकडे पैसा आहे. माफीला पैसा लागत नाही. त्यांच्याकडे मागे लागणारी माणसं होती, मतं होती, निवडून आलेले जपानी वंशाचे खासदार होते. आपल्याकडे हा समाज मुळातच एवढासा, त्यातले बहुतेक देशाबाहेर गेले, राहिले ते घाबरून गप्प बसले, आपल्या पोरांनासुद्धा कित्येकांनी काही सांगितलं नाही. त्याच काळात भारत संरक्षण नियमांखाली कम्युनिस्टांनाही धरलं होतं, पण त्यांच्यामागे पक्ष होता, पेपर होते, लोकसभेत प्रश्न विचारणारे होते. १९४१ मध्ये देवलीतल्या कैद्यांना ना. म. जोशी मिळाले. १९६२ च्या कैद्यांसाठी तसं पिच्छा पुरवणारं कोणी उभं राहिलं नाही, आणि हे मला सरकारच्या निर्णयापेक्षाही जास्त लागतं, कारण सरकारं घाबरतात, पण तेव्हाच्या आपल्या एवढ्या मोठमोठ्या स्वातंत्र्यसैनिकांना, जे स्वतः विनाचौकशी आत जाऊन आले होते, त्यांना हे दिसायला हवं होतं.

देवलीच्या त्या जागेवर आता सीआयएसएफचं (केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचं) ट्रेनिंग सेंटर आहे. टोरांटोकडच्या देवलीवाल्यांनी संघटना केली, भारत सरकारकडे माफीची मागणी केली, ओटावाला आपल्या हायकमिशनपर्यंत जाऊन आले. भरपाईपेक्षा त्यांना हे घडलं असं सरकारने मान्य करायला हवंय. उत्तर आलेलं नाही. काही जण म्हणतात आता चीनशी संबंध एवढे ताणलेले असताना हा विषय कशाला. पण २०२० मध्ये गलवानला चिनी सैन्याशी चकमक झाली त्यानंतर ईशान्येकडच्या पोरांना आपल्याच शहरांत "चिनी" म्हणून हाका मारल्या गेल्या, कोरोनात तर पुण्या-मुंबईतसुद्धा त्यांना त्रास झाला, तेव्हा चेहऱ्यावरून देश ठरवायची सवय अजून गेलेली नाही. आणि देवलीच्या माणसांचा चीनशी संबंध जोडणं हीच तर मूळ चूक होती, तीच आता माफी न मागायचं कारण म्हणून पुढे कशी करता येईल?

करायचं काय ते अवघड नाही. देवली छावणीची रजिस्टरं आणि गृहखात्याच्या फायली संशोधकांना पूर्ण उघड्या कराव्यात. त्या १२६ मालमत्तांपैकी कोणत्या देवलीला नेलेल्या कुटुंबांच्या आहेत ते तपासून यादी लावावी आणि भारतीय वारसांना दावा करू द्यावा. आणि जे हयात आहेत, तेव्हाची पोरं, आज सत्तरी-ऐंशीत आहेत, त्या प्रत्येकाला भारत सरकारचं एक पत्र जावं, नावाने, की तुमच्यावर कुठलाही आरोप नव्हता, तुम्हाला धरून ठेवणं चुकीचं होतं. संसदेत ठराव करायला एक दिवस पुरतो, आणि तो दिवस यातली माणसं जिवंत असतानाच यायला हवा.